तवा तापेल एवढा आवाज

वळणावरून आवाज आला तेव्हा माझ्या हातात पाण्याचा पाइप होता आणि समोर जास्वंद. रविवार होता, दहाला थोडा वेळ होता. गाडी आमच्याच फाटकाकडं येत होती आणि ती आमची नव्हती. या दोन गोष्टी एकदम कळल्या. कारण कुरुळीत आमच्या गल्लीत चाकावर जे जे येतं ते मला मान न वळवता ओळखू येतं, आणि याचा मला फार गर्व आहे. माझ्या सुनेची, विजयश्रीची, स्कूटर स्टँडवर चढताना दोनदा टकटक करते. मुलाची, शेखरची, जीप ब्रेक दाबला की पकडलेल्या कोंबडीसारखी ओरडते. दूधवाल्याच्या किटल्या एकमेकींशी भांडत येतात. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस वळणावर दम खाते, दुसरीची खात नाही, तिचा ड्रायव्हर तरणा आहे. आणि नातवाची, दिग्विजयची, गाडी बारीक शीळ घालत यायची, तोंडातल्या तोंडात गुणगुणत कुणी भाकरी थापावी तशी. त्या गाडीत पंखा आहे, टर्बो म्हणतात त्याला. इंजिनाच्याच धुरावर फिरतो आणि इंजिनाच्याच नाकात वारा कोंबतो. ती शीळ त्या पंख्याची. तीन वर्षं ऐकत होते. मान न वळवता ओळखते, असं मी लोकांना सांगायची. खरी गोष्ट अशी की वळवून काही उपयोग नव्हता.

माझ्या उजव्या डोळ्यात दूध सांडून वर्ष झालं होतं. डाव्यानं दिसायचं ते तेलकट कागदातून, वडे बांधून देतात तसल्या. माणूस म्हणजे उभा डाग, गाडी म्हणजे आडवा डाग, आणि ऊन असलं की दोन्ही नाही. पण घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. ओट्याच्या पायऱ्या चार, गच्चीच्या सतरा. पेपर मांडीवर घेऊन बसायची, त्यात नवीन काही नव्हतं. बापानं मला तिसरीतून काढलं होतं, त्यामुळं पेपर उलटा असला काय नि सुलटा असला काय, आमच्याकडं कुणी लक्ष देत नाही. सुईत दोरा ओवायची वेळ आली की विजयश्रीवर ओरडायचं, की जरा तुझ्या हाताला वळण लागू दे, सगळं मीच करू का. ती बिचारी ओवून द्यायची. हे सगळं कशापायी, तर सरूबाईपायी. सरूबाई माझी धाकटी जाऊ, जिभेनं माझ्यापेक्षा तिखट. तिच्या डोळ्यांचं घरात कळलं आणि महिन्याभरात तिला खिडकीजवळ एक खुर्ची मिळाली. चांगली खुर्ची, गादीची. कपाटाच्या चाव्या कुणी हिसकावल्या नाहीत, आपोआप दुसऱ्या कमरेला गेल्या. मी भेटायला गेले तर तिची सून माझ्याकडं बघून मला विचारते, आत्यांनी चहा घेतलाय का. अगं, तिला विचार की, तिला तोंड आहे. पण ज्याला दिसत नाही त्याला विचारायचं नाही, अशी रीतच पडून गेली. भाजी काय करायची, पोराचं नाव काय ठेवायचं, कुठलं झाड तोडायचं, सगळी बोलणी तिच्या डोक्यावरून जायची, विमान जावं तशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी माणूस चालत घरी येतं, हे मला ठाऊक होतं. पण ऑपरेशनच्या आधी सांगावं लागतं. सांगितल्यापासून ते होईपर्यंतच्या दिवसांत खुर्ची येते. आणि आलेली खुर्ची परत गेलेली मी कुणाच्या घरी पाहिली नाही.

तर तो आवाज. घसा बसलेल्या रेड्यानं हौदात तोंड घालून बोलायला घ्यावं, तसा. फाटकाजवळ ड्रायव्हरनं पाय काढला तर वरून फुस्स, डॉक्टर दंडाच्या पट्ट्यातली हवा सोडतात तसं. असली बेशरम गाडी मला एकाचीच ठाऊक होती, गणराजची. हा गणराज जमिनीचा एजंट. आमची बाकीची जमीन कंपन्यांच्या भिंतींआड गेली ती गेली, त्याचं मी आता मनाला लावून घेत नाही. पण घरामागं अकरा गुंठे राहिलेत, एक चिंच आहे, मी मेथी-मिरच्या लावते, आणि त्या अकरा गुंठ्यांवर याचा डोळा. तीनदा आला होता. तिसऱ्यांदा मी सांगितलं होतं की चौथ्यांदा आलास तर अंघोळ घालीन. आता आडवा डाग फाटकातून आत आला, काळा, रुंद, गणराजच्या गाडीएवढाच. पाहुणे यायचे होते अकराला. ते वेगळंच होतं, त्यांची मी वाट बघत होते. दिग्विजयसाठी चिंचवडची मुलगी बघितली होती, करिष्मा. आम्ही त्यांच्याकडं जाऊन आलो होतो, आता ते घर बघायला यायचे होते, आणि त्यांची गाडी दुरुस्तीला गेली म्हणून दिग्विजय त्यांना आणायला गेला होता. म्हणजे माझे कान शिळेकडं लागले होते. चाकणच्या रस्त्यावर अडकायला होतं म्हणून लोक तासभर हाताशी धरून निघतात, पण रविवारी कंपन्या बंद, रस्ता मोकळा, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला. असा दाबला की पाणी लांब जातं आणि लागतं.

"परत आलास व्हय रं मुडद्या. या घरातली काडी बी तुझ्या पदरात पडायची न्हाई. आल्या वाटंनं मागं फिर."

गाडी बंद झाली. पत्र्यावरून पाणी ठिबकण्याचा आवाज. मग आतून एका बाईचा, फार सभ्य आवाज आला, की अहो, काच वर घ्या. आणि मग दार उघडलं आणि दिग्विजय म्हणाला, "आजी, मी हाय."

मी हाय. माझ्या उभ्या जन्मात दोन शब्दांनी मला एवढं गार केलं नव्हतं. पाइप हातात तसाच, पाणी माझ्या पायांवर. मी काय करायला हवं होतं ते मला आजही ठाऊक आहे. बाई गं, चुकलं, मला दिसलं नाही, एवढं म्हणायचं. पण जीभ ही माझी सगळ्यात जुनी नोकर, मी सांगायच्या आधी कामाला लागते. मी म्हणाले, तूच आहेस ते ठाऊक आहे मला. चांगल्या गाडीचा घसा फाडून आणलास, म्हणून मारलं पाणी. बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. आंधळेपणा झाकला, आणि त्याच्या बदल्यात पाहुण्यांना जाणूनबुजून भिजवलं असं चारचौघांत कबूल केलं. काडी बी तुझ्या पदरात पडायची नाही, हे वाक्यसुद्धा आता त्यांच्याच पदरात.

विजयश्री टॉवेल घेऊन धावली. करिष्माचे वडील ज्योतीराम, बार्शीकडचे, तीस वर्षं कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी काढलेले. तिथल्या धडाक्यानं त्यांना कमी ऐकू येतं, आणि ते स्वतःच हसत सांगतात, की माझ्याशी जोरात बोला, माझे कान कंपनीत जमा झालेत. त्यांनी बूट उलटा करून पाणी काढलं आणि म्हणाले, ऊन आहे, वाळेल. बैठकीत पोहे आले. शेखर चाकण चौकातल्या वाहतुकीवर बोलत होता, दिवसभर क्रेन घेऊन त्यातच असतो. मी माझ्या जागी ताठ बसले होते आणि ऐकत होते, की चार बशांपैकी एका बशीत चमचा फिरत नाही. शेवटी करिष्माच्या आईनं बशी खाली ठेवली. आवाजावरून भरलेलीच. म्हणाल्या, आमच्या मुलीला नोकरी आहे. आम्ही इथं पदर पसरून आलेलो नाही. आमच्याकडं पाहुण्यांना दारात असं बोलत नाहीत, चुकून बोललं तर गोष्ट वेगळी. हे त्यांनी सावकाश म्हटलं, आणि चुकून या शब्दापाशी थोड्या थांबल्या, मला जागा करून दिल्यासारख्या. मी त्या जागेत गेले नाही. दिग्विजयनं श्वास आत घेतला तो बाहेर सोडलेला मला ऐकू आला नाही. हा पोरगा लहानपणी ताप आला की असाच करायचा.

मग त्यानं सगळं अंगावर घेतलं, म्हणाला चूक माझी, आजीला राग आला कारण मीच गाडीचा आवाज बदलून आणला. दोन दिवस गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय असं घरी सांगून ती चाकणला नवनाथच्या गॅरेजात होती. मागचा सायलेन्सर काढून तिथं सरळ नळी बसवली. पंख्याच्या वाटेवर एक झडप बसवली, ती जादाचा वारा आत गिळायच्या ऐवजी बाहेर सोडते, तेच ते फुस्स. टर्बोच्या गाडीची गोष्ट अशी, तो सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याला बरं वाटायला लागलं, की तो पंखा धुराच्या वाटेतच बसलेला, म्हणून आवाज खातो. इंजिनात एवढी ताकद, पण बाहेर ऐकू येते ती नुसती कुजबुज. म्हटलं, पहिल्यांदा घरी आणतोय, जरा गाडी बोलली पाहिजे. करिष्मानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. हळूच विचारलं, मी काय काम करते ठाऊक आहे का. तो म्हणाला, चाकणला, गाड्यांच्या कंपनीत. ती म्हणाली, हो, पण कुठल्या विभागात. ते त्याला ठाऊक नव्हतं. "आवाजाच्या," ती म्हणाली. "भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत मी दिवसभर बसते, गाड्यांचा आवाज कमी करायला." शेखरला खोकला आला. ज्योतीरामांना ते मुलीनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं आणि ते उशिरानं, एकटेच, पोट धरून हसले.

मी हसले नाही. मी तिथं नव्हतेच. नळी हा शब्द ऐकला आणि मी विहिरीवर गेले होते. आमच्या विहिरीवर इंजिन होतं, पाच हॉर्सपॉवरचं, हँडल मारून सुरू करायचं. माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. मारुतराव, म्हणजे आमचे मालक, पाणी द्यायला जायचे, घरापासून विहीर मैलभर. शिवारात सहा विहिरी, सहा इंजिनं, सगळ्यांची धडधड एकच. सासूबाईंचा हुकूम असा की लेकाच्या ताटात गार भाकरी पडता कामा नये, आणि त्यानं येऊन बसून वाटही बघता कामा नये. आता तो कधी येणार हे मी स्वप्नात बघू का. एक दिवस मी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला, वाकवून त्याची टोपी केली, मधे एक भोक पाडलं, आणि विहिरीवर जाऊन इंजिनाच्या धुराच्या नळीवर ती तारेनं आवळली. इंजिन कुक् कुक् करायला लागलं. गिरणीच्या इंजिनाला लोक करायचे, तसंच, पण माझं भोक बारीक होतं, आवाज चिरका, ऐन ज्वारीतल्या पाखरासारखा. सहा इंजिनांत बोलणारं आमचं एकट्याचं. चुलीपुढं बसून मी पीठ मळत ऐकायची, आणि कुक् थांबलं की तवा टाकायची. इंजिनावर पोतं टाकून, हातपाय धुऊन, मैलभर चालत माणूस दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. सासूबाई म्हणाल्या, इंजिन हाय म्हणून गावभर वाजवून दाखवतीयास व्हय. शेजारचे म्हणाले म्हशी बुजतात. मी टोपी काढली नाही. पुढं एकदा ते कुक् लंगडायला लागलं, दोन मारून तिसऱ्याला अडखळायचं, मी पिठाच्या हातांनी पळत गेले आणि सांगितलं की वरचं पॅकिंग सोडतंय. उघडलं तर तसंच निघालं. मारुतराव चार माणसांत सांगायचे, आमच्या इंजिनाची डॉक्टरीण घरी चुलीपुढं बसते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. विहीर भिंतीआड गेली, तिच्या जागेवर आता कंपनीचं कॅन्टीन आहे, म्हणजे पोळ्या तिथं अजून भाजतात. आणि मी, जिनं सगळ्या शिवारात पहिल्यांदा इंजिनाचा घसा बदलला ती, नातवानं नळी बदलली म्हणून पाणी मारलं असं तोंड वर करून सांगत बसले होते. लाज वाटली नाही असं म्हणत नाही. पण हसू आधी आलं, आणि ते दाबायला मी पदर तोंडाला लावला. समोरच्या बाईंना वाटलं असणार की म्हातारी आता आमच्यावर हसतेय.

"आजी, आवाज बिघडलाय म्हणालात," करिष्मा उठून माझ्याजवळ आली होती. "काय बिघडलंय ते मला दाखवता?"

आम्ही दोघी बाहेर आलो. चार पायऱ्या. तिनं गाडी सुरू केली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. पोरीच्या अंगाला ओल्या सुताचा वास येत होता, मीच भिजवलेला. रेडा बोलायला लागला. मी त्याला बोलू दिलं. बाजारात असतं तसंच, जो मोठ्यानं ओरडतो त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही, त्याच्या मागं कोण कुजबुजतंय ते ऐकायचं. आणि होतं. वरच्या अंगाला, पुढच्या बाजूला, कुणी नखानं ताटाची कड वाजवावी तशी एक बारीक टिचकी, इंजिनाच्या चालीवर. मला एवढा आनंद झाला की मी तिचा हात धरला. म्हटलं, पॅकिंग सोडतंय. नवनाथनं नळी जोडताना वरचं पॅकिंग जुनंच ठेवलंय. आता गार आहे म्हणून वाजतंय, पत्रा तापला की गप बसेल. आम्ही उभ्या राहिलो. टिचकी हळू झाली, मग आणखी हळू, मग दिसेनाशी. दिसेनाशी म्हणते मी, पाहा. तिनं जाऊन गाडी बंद केली आणि परत आली. म्हणाली, आमच्याकडं हे पकडायला चार माईक लावतात. मी म्हटलं, लावू देत. मग ती माझ्या समोर येऊन थांबली. आणि मग अगदी खालच्या आवाजात बोलली.

"आजी, मी मघापासून तुमच्यापुढं हात करून उभी आहे. टाळी मागायला."

मी हात पुढं केला. तिचा हात खरंच तिथं होता, हवेत, उघडा. त्याच्यावर मी टाळी दिली, पण उशीर झाला होता. तिनं माझा हात सोडला नाही. म्हणाली, तुम्हाला गाडी ओळखू आली नाही, आणि आम्ही दिसलोच नाही. मी म्हटलं, कुणाला सांगायचं नाही. मी नाही सांगणार, ती म्हणाली, पण आत आईनं पर्स हातात घेतलीय. मलाही ती चेन ऐकू आली होती. मग मी तिला सरळ विचारलं, आमच्याकडं असं कुणी मुलीला विचारत नाही, पण तिनं माझं एवढं बघितलंच होतं.

"तुला पसंत हाय का आमचं गाढव?"

"आवाज सोडून," ती म्हणाली.

चार पायऱ्या. त्या चढताना मला सरूबाईची खुर्ची दिसली. डोळ्यांना नाही, पण जशीच्या तशी, गादीवर पिवळी फुलं. मी तिच्याजवळ गेले होते तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली होती, वहिनी, माझ्याशी भांडायला येत जा, इथं कुणी भांडतसुद्धा नाही. पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर वाटलं, पोरगा काय, दुसरी मुलगी मिळेल. तिसऱ्या पायरीवर त्याचा न सोडलेला श्वास आठवला, तो अजून आतच असणार. आणि पोरीनं धरलेला हात. एवढी कानाची मुलगी पुन्हा कुठली मिळते. घरात आणखी एक माणूस असेल ज्याला टिचकी ऐकू येते, मग मी खुर्चीत बसून का होईना, तिच्याशी बोलेन तरी. म्हटलं, खुर्ची तर खुर्ची. चौथी चढले आणि बैठकीच्या मधोमध उभी राहिले, कारण बसून हे सांगता आलं नसतं.

"मला दिसत न्हाई. वरीस झालं. तुमी हाय ते मला कळलंच न्हाई, एजंट समजून पाणी मारलं मी. ठाऊक व्हतं म्हणाले ते खोटं."

स्वयंपाकघराच्या दारात विजयश्रीच्या हातातलं ताट एकदा वाजलं. आणि ज्योतीराम आपल्या बायकोला म्हणाले, "काय म्हणाल्या त्या?"

मग ते मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. ओरडून. जे वर्षभर घरातल्या तीन माणसांपासून झाकलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, समोरच्या खोल्यांतली दुसऱ्या शिफ्टची पोरं गॅलरीत आली असणार. ज्योतीराम म्हणाले, मग त्यात काय, मला ऐकू येत नाही. आणि करिष्माची आई उठली. मला वाटलं निघाल्या. त्या येऊन माझ्या शेजारी बसल्या, पर्सची चेन उघडली, त्यातून एक छोटी बाटली काढून माझ्या तळहातावर ठेवली. डोळ्यांत घालायचे थेंब. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत आहे का. माझा डावा दिवाळीत झाला, उजवा संक्रांतीला. मी तर शेजारणीला बरणीतलं लोणचं म्हणून मेंदी वाढली होती. मग त्यांनी मला ऑपरेशनच्या वेळच्या हिरव्या कपड्यापासून ते डोक्यावरून अंघोळ किती दिवस नाही तिथपर्यंत अर्धा तास सांगितलं, मधे कुणाला बोलू दिलं नाही, आणि बोलता बोलता पोह्यांत चमचा फिरायला लागला. कुठंतरी उजवीकडं दिग्विजयनं श्वास सोडला. पाहुणे जेवूनच गेले. ते गेल्यावर शेखर माझ्यावर चिडला, चिडू दिलं. विजयश्री चिडली नाही. ती भांडी आवरताना पाठमोरीच म्हणाली, आत्या, सुईच्या वेळी तुम्ही ओरडायचा, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतं. मी तिला काही बोलले नाही. माझ्यासारखीनं न बोलणं म्हणजे किती, ते तिला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉटवर बसून वाट बघत होते. खुर्ची कुठल्या कोपऱ्यात ठेवतात ते आवाजावरून कळणारच होतं. पायरव आला, विजयश्रीचा. "आत्या, भाजी काय करू?" मी म्हटलं, मला कशाला विचारतेस. ती म्हणाली, रोज विचारते तेच विचारलं. आणि उभी राहिली, उत्तराची वाट बघत. मी तिला घोसाळी कर म्हणाले. मला घोसाळी आवडत नाहीत. पण त्या वेळी तोंडात दुसरं नाव येईना.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं नवनाथच्या गॅरेजात गेलो, मी, दिग्विजय आणि करिष्मा. चाकणच्या बाजारामागं पत्र्याची शेड, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, मला तिथं शिरल्याबरोबर भूक लागली. नवनाथ बीडकडचा, बोलायला गोड. पॅकिंग जुनंच ठेवलं हे मी दारातून सांगितल्यावर त्यानं पाना खाली ठेवला आणि म्हणाला, आजी, तुम्हाला कुणी सांगितलं ओ. मी म्हटलं, तुझ्या गाडीनं. त्यानं मला खुर्ची दिली. मी बसले नाही. मग बोलणी सुरू झाली. करिष्माचं म्हणणं, कायद्यात बसला पाहिजे एवढाच आवाज, नाहीतर पोलीस पावती फाडतील आणि तिच्या खात्यातले लोक तिला हसतील. दिग्विजयचं म्हणणं, मग काय, पुन्हा कुजबुजच का. वारा बाहेर सोडणारी झडप निघाली, सरळ नळीच्या जागी आवाज गिळणारा एक छोटा डबा बसवून पाहिला. करिष्मा मोबाइलवर आवाजाचा आकडा वाचायची आणि नाही म्हणायची. दिग्विजय ऐकायचा आणि नाही म्हणायचा. तिसऱ्या डब्यानंतर नवनाथनं हात पुसले, दोघांकडं पाठ केली असावी, कारण त्याचा आवाज सरळ माझ्याकडं आला.

"आजी, तुम्ही सांगा. आवाज कसा पाहिजे?"

मला विचारलं होतं. दिसत नाही हे ठाऊक असून, मी एवढी जवळ उभी असताना, मलाच. मी सावकाश उत्तर दिलं, घाई केली नाही, असले प्रश्न पुरवून वापरावेत. म्हटलं, शीळ परत पाहिजे. लोकांच्या म्हशी बुजायला नकोत. पण वळणावर आली की मला चुलीपुढं कळलं पाहिजे, दुसऱ्या कुणाची वाटता कामा नये, आणि तवा तापेल एवढा वेळ मिळाला पाहिजे. नवनाथ म्हणाला, आता हे कुठल्या आकड्यात बसवायचं. करिष्मा म्हणाली, मी बसवते. आणि चौथा डबा तिनं सांगितला तो लागला. गाडी सुरू झाली तेव्हा खाली एक जाड, शांत सूर होता, पोटभर जेवलेल्या माणसासारखा, आणि त्याच्यावर ती बारीक शीळ. मी हात पुढं धरला, टाळीसाठी. या वेळी तिघांनीही दिली.

उजवा डोळा महिन्याभरानं झाला, डावा व्हायचा आहे. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा विजयश्रीचे केस दिसले, कानावर पांढरे झालेले, कधी झाले मला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर डाग आहेत. माझे स्वतःचे हात दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. गाडी काळी नव्हतीच, मोरपंखी होती. गणराजही येऊन गेला, गाडी चौकात लावून, चालत. माझ्या हातातला पाइप बघून फाटकावरूनच नमस्कार करून निघाला. सरूबाईकडं मी आता आठवड्यातून एकदा जाते, भांडायला.

काल संध्याकाळी मी ओट्यापाशी पीठ मळत होते. करिष्मा दिग्विजयबरोबर कंपनीतून परस्पर जेवायला यायची होती, लग्न माघात आहे पण जेवायला ती आधीपासूनच येते. विजयश्री खिडकीत उभी होती. वळणावर जाड सूर आला, त्याच्यावर शीळ. मी तिला म्हटलं, तवा टाक. तिनं वाकून रस्त्याकडं पाहिलं.

"आत्या, अजून कुणी दिसत नाही."

"दिसायची वाट बघत बसलं की उशीर व्हतो. टाक तू."

तिनं टाकला. पहिली भाकरी फुगली आणि फाटक वाजलं.